पोळ्याचा साज सांभाळा : चामडी पट्ट्यावरील पितळ का कळकते आणि त्यावर उपाय

श्रावण अमावास्येला पोळा येतो. आदल्या दिवशी खांदमळणी होते. पोळ्याच्या दिवशी बैल ओढ्यावर नेऊन धुतले जातात, शिंगे रंगवून त्यांवर पितळी शेंब्या बसवल्या जातात, मानेत चामडी पट्ट्याची घुंगुरमाळ आणि पाठीवर झूल येते. हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातील वाई येथे गोरखनाथाच्या दर्शनालाही बैलजोड्या सजवून नेतात. सण आटोपतो, रात्री साज उतरतो आणि जसाच्या तसा पोत्यात भरून गोठ्याच्या आढ्याला टांगला जातो किंवा खताच्या खोलीत कोपऱ्यात टाकला जातो. तो थेट पुढच्या पोळ्यालाच बाहेर निघतो.

पुढच्या वर्षी पोते सोडले की अनेकांना एकच दृश्य दिसते. घुंगरांच्या मुळाशी हिरवे, चिकट कीट साचलेले असते. पट्टा लाकडासारखा कडक झालेला असतो. बक्कल ओढले की छिद्रापाशी चामडे फाटते. एखादी शेंबी उभी तडकलेली निघते. मग चिंच लावून घासाघीस होते, साज वरून चकाकतो, पण पुढच्या वर्षी दुप्पट बिघडतो. वडिलांच्या किंवा आजोबांच्या हातचा साज अशा रीतीने दोन-चार वर्षांत निकामी होतो. आज बैलजोड्या कमी झाल्या आहेत, असा पट्टा शिवणारे कारागीरही गावोगाव राहिलेले नाहीत. म्हणून आहे तो साज टिकवणे महत्त्वाचे आहे. त्यासाठी पोळ्यानंतर अर्धा दिवस दिला तरी पुरतो. मात्र पितळ कशाने बिघडते हे आधी समजून घ्यावे.

पितळ म्हणजे काय?

पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. नेहमीच्या पितळेत ६० ते ७० टक्के तांबे आणि बाकीचे बहुतेक जस्त असते. कोरड्या, स्वच्छ हवेत पितळ वर्षानुवर्षे टिकते. वरचा पिवळा रंग मंद होऊन तपकिरी पडतो इतकेच. हा तपकिरी थर धातूला इजा करत नाही, उलट काही अंशी संरक्षणच देतो. तेव्हा पितळ नुसत्या हवेने बिघडत नाही. त्याला जे चिकटून असते, त्याने ते बिघडते. पट्ट्यावरच्या पितळेला चामडे, तेल, घाम, ओल आणि गोठ्यातील हवा अशा पाच गोष्टी एकाच वेळी लागलेल्या असतात.

पितळ बिघडण्याची कारणे

१) चामड्यातील तेल व चरबी : बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे प्रत्येक घरात माहीत आहे. ताकातील आम्ल तांब्याला धरते आणि हिरवा कळक तयार होतो. याला काही ठिकाणी जंगाल म्हणतात. पट्ट्यावरही असेच घडते. चामडे मऊ राहावे म्हणून त्यात चरबी किंवा तेल मुरवलेले असते. ते जुने होऊन खवट झाले की त्यातून स्निग्ध आम्ले सुटतात. ही आम्ले तांब्याशी मिळून हिरवा, मेणचट पदार्थ बनवतात. घुंगराच्या मुळाशी आणि बक्कलाच्या खाली साचणारे हिरवे कीट बहुधा हेच असते. शिवाय बाभूळ, तरवड यांची साल किंवा हिरडा वापरून कमावलेले चामडे मुळातच थोडे आम्लधर्मी असते. त्यात ओल शिरली की ही क्रिया वेगाने होते.

२) घाम व क्षार : बैलाच्या घामात क्षार असतात. ते पट्ट्याच्या आतल्या बाजूला मुरतात. पावसाळी हवेत क्षार ओलावा ओढून घेतात, त्यामुळे पट्टा बाहेरून कोरडा दिसला तरी पितळेच्या खाली ओलसरच राहतो. क्षार व ओल दीर्घकाळ लागून राहिल्यास पितळेतील जस्त विरघळून जाते आणि मागे लालसर, ठिसूळ तांबे उरते.

३) अमोनिया : जनावराच्या मूत्रातील युरिया जिवाणूंमुळे फुटतो आणि अमोनिया वायू तयार होतो. बंद गोठ्यात सकाळी डोळ्यांना झोंबणारा वास येतो तो याचाच. ओलसर हवेत हा वायू पितळेचा मोठा शत्रू आहे. युरिया, अमोनियम सल्फेट, डीएपी यांची फुटलेली पोती असलेल्या खोलीतही हा धोका असतो.

४) लोखंड : तुटलेल्या कडीच्या जागी आपण लोखंडी तार किंवा खिळा वापरतो. ओल असताना लोखंड आणि पितळ एकमेकांना लागून असले की लोखंड लवकर गंजते. गंज आणि सालीने कमावलेल्या चामड्यातील टॅनिन मिळून शाईसारखा काळा डाग पडतो आणि तेथे चामडे कुजू लागते.

५) रबर व गंधक : सैल घुंगरू सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधण्याची पद्धत आहे. रबरात गंधक असते. त्याने पितळ काळे पडते. भुकटीचे गंधक ठेवलेल्या खोलीतही हाच परिणाम दिसतो.

तबेल्यातील काडतुसांचा धडा

अमोनियाने पितळ तडकते ही गोष्ट आपल्या देशातच प्रथम ठळकपणे लक्षात आली. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात लष्करी हालचाली कमी होत, तेव्हा दारूगोळा घोड्यांच्या तबेल्यांत ठेवला जाई. पावसाळा संपल्यावर पाहिले तर कित्येक काडतुसांची पितळी टोपणे आपोआप तडकलेली आढळत. सुरुवातीला कारण कळेना. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या ब्रिटिश संशोधकांनी खुलासा केला की, घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि पत्रा ओढून-ठोकून आकार देताना पितळेत राहिलेला ताण, ही दोन्ही कारणे एकत्र आल्याने तडा जातो.

हिंगोली गावातही १९०३ पर्यंत निजामाच्या राज्यातील हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. तेव्हा घोडे, चामडी खोगिरे आणि पितळी बक्कले या भागाला नवी नाहीत. आज घोडे गेले, पण गोठा आहे आणि अमोनियाही आहे. आपल्या साजातील शेंब्या आणि पत्र्याची बक्कले ठोकून, दाबून घडवलेली असतात. म्हणून गोठ्यात टांगलेल्या साजात शेंबी आधी तडकते आणि ओतीव घुंगरू त्यामानाने टिकते. शेंबी ‘आपोआप’ फुटली असे आपण म्हणतो, ती बहुतेक वेळा अशी फुटलेली असते.

बिघाड कसा ओळखावा?

साज हातात घेऊन उजेडात पाहावा आणि खालीलप्रमाणे ठरवावे.

• मंद तपकिरी किंवा काळसर रंग : नुसता वरचा थर. इजा नाही. घासलेच पाहिजे असे नाही.

• चामड्यालगत हिरवे, मेणचट कीट : तेल-चरबीचा परिणाम. वेळीच काढल्यास पितळ पूर्ण वाचते.

• निळसर-हिरवी भुकटी व खाली बारीक खड्डे : क्षार व ओल यांचा परिणाम. लगेच धुऊन कोरडे करणे आवश्यक.

• गुलाबी-लाल डाग : पितळेतील जस्त गेले आहे. कडी किंवा बक्कलावर असे डाग असल्यास ती वस्तू ओढ सहन करणार नाही, बदलावी. मात्र चिंचेत रात्रभर भिजवलेले पितळही वरवर लालसर पडते. हलके घासून पिवळा रंग आला तर काळजी नाही.

• केसासारखी बारीक चीर : घुंगरू कानाशी वाजवून पाहावे. आवाज खणखणीत न येता फुटका आला तर त्याला चीर गेली आहे. चीर घासून जात नाही. असा नग वेगळा काढावा.

पोळ्यानंतरचा अर्धा दिवस

हे काम पोळ्यानंतर चार-आठ दिवसांत, उघडीप मिळताच करावे. लागणारे साहित्य घरातलेच आहे : जुना दात घासण्याचा ब्रश, बांबूची चपटी काडी, सुती फडकी, अंगाचा साबण, थोडे टर्पेंटाइन, चिंच, खाण्याचा सोडा, पांढरी मेणबत्ती आणि व्हॅसलीन.

१) पितळ चामड्यापासून वेगळे करा. पारंपरिक घुंगुरमाळेत घुंगराची नाकी पट्ट्याच्या छिद्रातून मागे काढलेली असते आणि तीतून चामड्याची वादी ओवलेली असते. वादी ओढून घेतली की सगळे घुंगरू मोकळे होतात. त्यांचा क्रम लहान-मोठ्याप्रमाणे फडक्यावर मांडून ठेवावा, म्हणजे पुन्हा ओवताना घोटाळा होत नाही. रिबिट मारलेले बक्कल मात्र उपटू नये.

२) हिरवे कीट कोरडेच काढा. बांबूच्या काडीने ते खरवडावे. चाकू, पत्रा किंवा लोखंडी ब्रश वापरू नये, कारण ओरखड्यात ओल धरते. उरलेला मेणचट भाग टर्पेंटाइनमध्ये बुडवलेल्या ब्रशने पुसावा. हे काम उघड्यावर, विस्तवापासून दूर करावे. खरवडलेली भुकटी कागदावर गोळा करावी.

३) साबणाने धुवा. कोमट साबणपाण्यात घुंगरू धुऊन स्वच्छ पाण्याने खळखळावेत. घुंगरांच्या आत अडकलेला चिखल व गुलाल निघाला पाहिजे.

४) गरज असेल तरच चिंच लावा. चिंचेचा कोळ पाच मिनिटे लावून घासल्यास काळा थर जातो. त्यानंतर भरपूर पाण्याने धुऊन, एक लिटर पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा टाकून त्यात नग बुडवून काढावेत व पुन्हा साध्या पाण्याने धुवावेत. सोड्यामुळे उरलेले आम्ल मारले जाते. बहुतेक ठिकाणी हीच पायरी राहून जाते आणि घासलेले पितळ महिन्याभरात पुन्हा हिरवे होते. लिंबू-मीठ एकत्र लावण्याची पद्धत सोडावी. मिठाचा अंश फटीत राहिला तर तो पितळ खातच राहतो.

५) पूर्ण वाळवा. फडक्याने पुसून पितळ दोन-तीन तास उन्हात ठेवावे. नाकीच्या आणि बक्कलाच्या फटीत पाणी राहता कामा नये.

६) मेणाचा हात द्या. उन्हात तापलेल्या पितळेवर पांढरी मेणबत्ती घासावी आणि कोरड्या फडक्याने चोळून घ्यावी. पातळ, न दिसणारा थर बसतो. नाकी, कडी, बक्कलाचा काटा अशा चामड्याला लागणाऱ्या भागांना व्हॅसलीनचा हलका हात द्यावा. मेणबत्तीचे मेण आणि व्हॅसलीन खनिज तेलापासून होतात. ते खवट होत नाहीत, म्हणून तांब्याला धरत नाहीत. तूप, लोणी किंवा खाद्यतेल पितळेला लावल्यास तात्पुरती चकाकी येते, पण तेच पुढे कळकते.

चामड्याची निगा

पट्टा पाण्यात बुडवून धुऊ नये. ओलसर फडक्याला थोडा साबण लावून घाम, गुलाल व चिखल पुसावा आणि दुसऱ्या स्वच्छ ओल्या फडक्याने साबण काढावा. पट्टा सावलीत, वाऱ्यावर दोन-तीन दिवस वाळवावा. उन्हात किंवा चुलीजवळ वाळवल्यास चामडे आक्रसते आणि पुढे तडकते. बुरशी आली असेल तर ती घराबाहेर कोरड्या फडक्याने झटकून मग पुसावी.

पट्टा पूर्ण वाळल्यावर एरंडेल तेलाचे थोडे थेंब फडक्यावर घेऊन चोळावेत. तेल बेताने लावावे. बोटाला चिकटेल इतके तेल राहिले तर ते पुसून काढावे, कारण जास्तीचे तेलच पितळेखाली जाऊन हिरवे होते. आपल्याकडे करडई व जवसाचे तेल सहज मिळते, पण ही तेले हवेत सुकून चिकट होतात आणि पट्टा कडक करतात. ती पट्ट्याला लावू नयेत. तेल लावल्यानंतर एक दिवस जाऊ द्यावा आणि मगच घुंगरू ओवावेत.

बक्कलासारखे न निघणारे पितळ साफ करताना त्याच्या खाली जाड कागद किंवा प्लॅस्टिकचा तुकडा सरकवावा, म्हणजे टर्पेंटाइन अथवा चिंच चामड्याला लागत नाही. अशा जागी चिंचेऐवजी कोरड्या फडक्याने घासणेच बरे.

साठवण कोठे व कशी करावी?

साज कितीही स्वच्छ केला तरी गोठ्यात टांगला तर मेहनत वाया जाते. साठवणीबाबत पुढील गोष्टी पाळाव्यात.

• साज राहत्या घरात, कोरड्या व हवेशीर जागी ठेवावा. गोठा, खताची खोली आणि फवारणीच्या औषधांची खोली या तिन्ही जागा वर्ज्य कराव्यात.

• शक्य असल्यास घुंगरू आणि पट्टा वेगवेगळे ठेवावेत. घुंगरू सुती पिशवीत आणि पट्टा सैल गुंडाळी करून जुन्या धोतराच्या किंवा लुगड्याच्या फडक्यात बांधावा. पट्टा घडी घालून ठेवल्यास घडीवर तुटतो.

• प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा खताच्या रिकाम्या पोत्यात साज बांधू नये. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते आणि खताच्या पोत्यात खताचा अंश असतो.

• तेल दिलेल्या चामड्याला उंदीर लागतात. गाठोडे खुंटीला टांगावे किंवा झाकणाच्या पेटीत ठेवावे.

• दसरा-दिवाळीच्या साफसफाईत एकदा आणि उन्हाळ्यात एकदा साज उघडून वारा द्यावा. हिरवा ठिपका दिसल्यास तेव्हाच पुसावा.

नवीन पट्टा करवून घेताना

कारागिराला रिबिट पितळेचे किंवा तांब्याचेच मारण्यास सांगावे. लोखंडी रिबिटावर पितळी मुलामा असेल तर चुंबक लावून ओळखता येते. पितळेला चुंबक धरत नाही. चामड्याच्या छिद्रांच्या कडांना आतून मेण लावून घ्यावे, म्हणजे घाम व तेल नाकीपर्यंत पोहोचत नाही. बक्कलाखाली मेण लावलेला चामड्याचा एक छोटा तुकडा बसवल्यास मुख्य पट्टा सुरक्षित राहतो आणि खराब झाल्यास तेवढा तुकडाच बदलता येतो.

ठोकून घडवलेल्या शेंबीला कारागिराकडून मंद ताव देऊन घेतल्यास धातूतील ताण उतरतो आणि तडकण्याचा धोका कमी होतो. मात्र डाख दिलेल्या नगाला ताव देऊ नये, सांधा सुटतो. एखाद्या नगाला कल्हई केली असल्यास तो भरपूर पाण्याने धुऊन घ्यावा. कल्हईसाठी वापरलेल्या नवसागरात अमोनियाचा अंश असतो.

हा प्रश्न नुसत्या चकाकीचा नाही

साज शोभेचा असला तरी तो जनावराच्या अंगावर असतो. कळकलेले बक्कल मिरवणुकीच्या गर्दीत तुटले तर बिथरलेला बैल आवरणे अवघड जाते. हिरव्या किटाने खरखरीत झालेला पट्टा मानेची कातडी सोलतो आणि पावसाळ्यात त्या जखमेवर माशी बसते.

हिरवा कळक हा तांब्याचा क्षार आहे आणि तो विषारी आहे. साज धुतलेले पाणी जनावरांच्या हौदात किंवा चाऱ्याजवळ टाकू नये. मेंढ्यांना तर तांबे थोड्या प्रमाणातही बाधते. खरवडलेली भुकटी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

सर्वांत मोठा धोका तारेचा आणि खिळ्यांचा आहे. गंजून तुटलेली तार, रिबिटाचे तुकडे गव्हाणीत पडले तर गाय-बैल ते चाऱ्यासोबत गिळतात. अशी टोकदार वस्तू पोटाच्या जाळीला भोक पाडून पुढे हृदयाच्या आवरणापर्यंत जाऊ शकते आणि जनावर दगावते. पोळ्यानंतर साज उतरवताना सर्व नग मोजून घ्यावेत. एखादा कमी भरला तर गव्हाण आणि गोठ्याची जमीन तपासावी. त्यानंतर जनावराने चारा सोडला, रवंथ बंद केले, पाठ वाकवून उभे राहू लागले तर वाट न पाहता पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे.

थोडक्यात महत्त्वाचे

• साज गोठ्यात व खताच्या खोलीत ठेवू नये.
• पितळ आणि चामडे वेगळे करूनच साफ करावे.
• चिंच लावल्यास सोड्याच्या पाण्याने आम्ल मारावे.
• पितळेला मेण किंवा व्हॅसलीन, चामड्याला बेताचे एरंडेल. एकाचे दुसऱ्याला लावू नये.
• लोखंडी तार व सायकलची ट्यूब साजातून काढून टाकावी.
• चिरलेला नग वापरू नये, तुटलेला नग शोधल्याशिवाय राहू नये.

शेतकरी बंधूंनो, वर्षभर राबणाऱ्या बैलाचा हा एक दिवसाचा दागिना आहे. आपण स्त्रियांचे दागिने पोत्यात भरून आढ्याला टांगत नाही. बैलाच्या दागिन्यालाही घरात एक कोरडी खुंटी द्यावी, म्हणजे आज मिरवलेली घुंगुरमाळ आपल्या नातवाच्या हातूनही बैलाच्या मानेत पडेल.